सममित उत्तराचा ताळा



गणिताचें उदाहरण पुढें आलें कीं तें सोडविण्याची घाई आपणां सर्वांसच होते. परंतु पाटी हातांत घेण्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें अगत्याचें असतें : या उदाहरणास उत्तर असूं शकतें काय ? हा प्रश्न आपल्याकडील जुन्या गणितज्ञांस चांगला ठाऊक होता. भास्कराचार्यांनीं शके १०७२ म्हणजे सन ११५० मध्यें रचिलेल्या लीलावतींत कुट्टक नांवाचें प्रकरण आहे. भाज्यास कोणत्या गुणकानें गुणून त्यांत क्षेप मिळविला असतां हरानें निःशेष भाग जाईल, हा त्या प्रकरणांतील प्रश्न. आतां भाज्य ६, हर ४ आणि क्षेप ३ असे घ्या. ६ ला कोणत्याही पूर्णांकानें गुणिलें तरी गुणाकार समच येणार. त्यांत ३ मिळविले कीं बेरीज विषम होणार. मग तिला ४ नें भाग कसा जावा? भाज्य व हर या दोहोंस ज्या संख्येनें भाग जातो तिनें क्षेपासही भाग गेला पाहिजे ; न गेल्यास तें उदाहरणच ‘दुष्ट’ समजावें, असा आचार्यांचा निर्णय आहे. दोष सोडविणाराचा नव्हे, उदाहरणाचा.

आजच्या पाठांत आपण अशाच एका प्रश्नाचा विचार करणार आहों. येथें अव्यक्त राशि एक नसून संख्यांचें एक संबंध कोष्टक अव्यक्त आहे, आणि तें कोष्टक विशिष्ट आकाराचें असलें पाहिजे अशी अट आहे. अशी अट घातली म्हणजे दिलेल्या आंकड्यांवर कोणती जबाबदारी येते, हें आपणांस पाहावयाचें आहे.

१. सममित कोष्टक

आडव्या ओळी व उभे स्तंभ यांत मांडलेल्या संख्यांच्या कोष्टकास मराठींत आव्यूह व इंग्रजींत मॅट्रिक्स म्हणतात. मॅट्रिक्स हें नांव सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञानें सन १८५० मध्यें योजिलें, आणि अशा कोष्टकांच्या बेरीज-गुणाकाराचें शास्त्र त्याचा मित्र केली यानें सन १८५८ मध्यें एका निबंधांत मांडिलें.

निरनिराळ्या गांवांमधील अंतरांचें कोष्टक तुम्हीं नकाशाच्या कोपऱ्यांत पाहिलें असेल. त्याचा आकार बहुधा त्रिकोणी असतो. अर्धें कोष्टक छापलेलेंच नसतें. याचें कारण उघड आहे. मुंबईहून पुणें लोहमार्गानें १९२ किलोमीटर असेल तर पुण्याहून मुंबईही तितकीच दूर असावयाची. जें मुंबईच्या ओळींत व पुण्याच्या स्तंभांत, तेंच पुण्याच्या ओळींत व मुंबईच्या स्तंभांत. ज्या कोष्टकांत कर्णाच्या दोहों बाजूंस अशा समान संख्या येतात, त्यास सममित आव्यूह म्हणतात.

सममिति ही केवळ शोभा नव्हे. तिच्यामुळें अव्यक्त राशींची संख्या कमी होते. दोन ओळी व दोन स्तंभ यांच्या कोष्टकांत चार संख्या असतात. तें सममित असल्यास तीनच निरनिराळ्या उरतात. तीन ओळींच्या कोष्टकांत नऊंच्या सहा होतात, व दहा ओळींच्या कोष्टकांत शंभरांच्या पंचावन्न.

२. टेबलाच्या कडेवरील पट्टी

आतां एक प्रयोग पाहूं. तो घरींही करतां येईल. सारख्या जाडीची एक लांब लाकडी पट्टी घ्या. तिचें एक टोक टेबलावर सुताराच्या क्लॅम्पनें घट्ट आवळा व उरलेला भाग टेबलाच्या कडेबाहेर मोकळा राहूं द्या. मोकळ्या भागाच्या बरोबर मध्यावर एक खूण करा. या ठिकाणास ‘मध्य’ व अगदीं शेवटास ‘टोक’ म्हणूं. या दोन ठिकाणीं दोऱ्यानें वजनें टांगावयाचीं आणि वजन नसतांना पट्टी जेथें होती तेथून ती प्रत्येक ठिकाणीं किती खालीं आली, तो झुकाव मोजावयाचा. वजनें हलकीं असावींत. झुकाव पट्टीच्या लांबीच्या मानानें अगदीं थोडा असावा.

झुकाव वजनाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून मध्यावर प व टोकावर फ इतकीं वजनें टांगलीं तर

मध्याचा झुकाव = क्ष × प + य × फ
टोकाचा झुकाव = व × प + झ × फ

येथें क्ष, य, व, झ या चार संख्या पट्टीचा स्वभाव सांगतात. त्यांचें कोष्टक असें :

क्ष  य
व  झ

य म्हणजे टोकावर एक वजन टांगलें असतां मध्याचा होणारा झुकाव. आणि व म्हणजे मध्यावर एक वजन टांगलें असतां टोकाचा होणारा झुकाव. हे दोन प्रयोग अगदीं भिन्न दिसतात. एकांत वजन टोकावर व डोळा मध्यावर. दुसऱ्यांत वजन मध्यावर व डोळा टोकावर. तरीही य आणि व या दोन संख्या समान असतात ! ही गोष्ट त्या वेळीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांत प्राध्यापक असलेले जेम्स क्लर्क मॅक्स्वेल यांनीं सन १८६४ मध्यें दाखवून दिली, व पीसा येथील गणितज्ञ एन्रिको बेत्ती यांनीं सन १८७२ मध्यें तिला अधिक व्यापक रूप दिलें. पट्टी स्थितिस्थापक असावी, म्हणजे वजन काढतांच पूर्वस्थितीस यावी, आणि तिचा आधार ढळूं नये, एवढीच तेथें अपेक्षा आहे. मग ती लाकडाची पट्टी असो अथवा नदीवरील पोलादी पूल असो.

आपल्या पट्टीसाठीं, मापाचें परिमाण सोयीचें घेतल्यास, स्थापत्यशास्त्राच्या नियमानें हें कोष्टक असें येतें :

२  ५
५  १६

टोकावरील वजनानें टोक १६ मापें खालीं येतें, मध्यावरील वजनानें मध्य २ मापें. आणि एकमेकांवरील परिणाम दोन्हीकडून ५ मापें.

३. एक प्रयोग, दोन प्रयोग

समजा, हें कोष्टक आपणांस ठाऊक नाहीं. तें प्रयोगानें काढावयाचें आहे. तें सममित आहे एवढें मात्र मॅक्स्वेलच्या नियमानें ठाऊक आहे ; म्हणजे व = य, आणि अव्यक्त राशी तीनच.

पहिल्या प्रयोगांत मध्यावर १ व टोकावर २ वजनें टांगलीं. झुकाव मध्याचा १२ व टोकाचा ३७ आला. समीकरणें दोन मिळालीं :

क्ष + २य = १२
य + २झ = ३७

अव्यक्त राशी तीन आणि समीकरणें दोन. य ला वाटेल ती किंमत द्यावी, क्ष व झ त्याप्रमाणें निघतात. उत्तर आहे, नव्हे, असंख्य उत्तरें आहेत. एकाच प्रयोगानें सममितीची अट कधींही मोडत नाहीं. एकटा साक्षीदार स्वतःशींच विसंगत बोलेल कसा ?

दुसऱ्या प्रयोगांत मध्यावर ३ व टोकावर १ वजन टांगलें. झुकाव ११ व ३१ आला. आणखी दोन समीकरणें :

३क्ष + य = ११
३य + झ = ३१

आतां अव्यक्त राशी तीन आणि समीकरणें चार ! पहिल्या व तिसऱ्या समीकरणांवरून क्ष = २, य = ५. दुसऱ्या व चौथ्यावरून य = ५, झ = १६. य ची किंमत दोन स्वतंत्र वाटांनीं आली आणि ती एकच निघाली. उत्तर आहे, व तें एकच आहे.

परंतु समजा, दुसऱ्या प्रयोगांत टोकाचा झुकाव ३१ ऐवजीं २६ असा नोंदला गेला. मग पहिल्या जोडीवरून य = ५ येतो, पण दुसऱ्या जोडीवरून य = ३ व झ = १७ येतो. य एकाच वेळीं ५ आणि ३ असूं शकत नाहीं. सममित उत्तर नाहीं. भास्कराचार्यांच्या भाषेंत हें उदाहरण ‘दुष्ट’ झालें. सममितीची अट नसती तर मात्र या आंकड्यांसही उत्तर होतें : क्ष = २, य = ५, व = ३, झ = १७. चार समीकरणें व चार अव्यक्त राशी, कोठें अडचण नाहीं, आणि चूक कोणाच्याही ध्यानांत आली नसती. अटीनेंच ती उघडकीस आणिली.

४. न सोडवितां ओळखण्याची रीति

प्रत्येक वेळीं सर्व समीकरणें सोडवून मगच उत्तर आहे कीं नाहीं हें कळावें, हें सोयीचें नाहीं. यासाठीं एक सोपा ताळा आहे. पहिल्या प्रयोगांतील झुकावांस दुसऱ्या प्रयोगांतील वजनांनीं गुणून बेरीज करा. मग दुसऱ्या प्रयोगांतील झुकावांस पहिल्या प्रयोगांतील वजनांनीं गुणून बेरीज करा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या पाहिजेत.

३ × १२ + १ × ३७ = ७३
१ × ११ + २ × ३१ = ७३

ताळा जुळला. आणि ३१ च्या जागीं २६ असतां दुसरी बेरीज ११ + ५२ = ६३ येते ; ७३ व ६३ यांचा मेळ बसत नाहीं.

हा ताळा कां खरा, तें पाहूं. पहिलीं वजनें प, फ व दुसरीं त, थ असूं द्या. सममितीची अट क्षणभर बाजूस ठेवून य व व निरनिराळे धरा. वर सांगितलेल्या दोन बेरजा अशा होतात :

पहिली : त(क्ष प + य फ) + थ(व प + झ फ)
दुसरी : प(क्ष त + य थ) + फ(व त + झ थ)

पहिलींतून दुसरी वजा करा. क्ष व झ यांचीं पदें उडून जातात आणि उरतें :

(य − व) × (फ त − प थ)

या एका ओळींत सर्व सिद्धांत सांठविलेला आहे. कोष्टक सममित असेल तर य − व = ० आणि वजाबाकी शून्य ; म्हणजे ताळा जुळणें आवश्यक आहे. उलट, दोन प्रयोगांतील वजनें एकमेकांच्या प्रमाणांत नसतील तर फ त − प थ शून्य नसतो. अशा वेळीं ताळा जुळला कीं य − व शून्य झालाच पाहिजे, म्हणजे ताळा जुळणें पुरेसेंही आहे. आपल्या बिघडलेल्या उदाहरणांत य − व = २ व फ त − प थ = २ × ३ − १ × १ = ५ ; गुणाकार १०, आणि ७३ − ६३ हेही १०. चूक किती, हेंसुद्धां ताळ्यानेंच सांगितलें.

वजनें एकमेकांच्या प्रमाणांत असतील, म्हणजे दुसऱ्या वेळीं सर्व वजनें दुप्पट केलीं असतील, तर झुकावही दुप्पट आलाच पाहिजे. ही अट सममितीची नव्हे. ती कोणत्याही उत्तरास लागतेच. ती पाळली गेली तर दुसऱ्या प्रयोगानें नवें कांहीं कळत नाहीं आणि उत्तरें पूर्वीसारखींच असंख्य राहतात.

५. सिद्धांत

आतां हीच गोष्ट कोष्टकांच्या भाषेंत मांडूं. प्रत्येक प्रयोगांतील वजनांची एक ओळ लिहून झालेलें कोष्टक अ. त्याच क्रमानें झुकावांच्या ओळी लिहून झालेलें कोष्टक ब. आणि पट्टीचें अव्यक्त कोष्टक स. मग समीकरण होतें

अ × स = ब

यास सममित उत्तर असण्यासाठीं दोन अटी लागतात, आणि त्या दोन पुरेशा आहेत. पहिली अट : समीकरणास कोणतें तरी उत्तर असावें, म्हणजे अ च्या ओळींत जो परस्परसंबंध असेल तोच ब च्या ओळींतही असावा. दुसरी अट : अ ची प्रत्येक ओळ ब च्या प्रत्येक ओळीशीं गुणून जें कोष्टक तयार होतें तें सममित असावें. आपल्या उदाहरणांत तें कोष्टक असें :

८६  ७३
७३  ६४

यांतील ८६ म्हणजे १ × १२ + २ × ३७, आणि ६४ म्हणजे ३ × ११ + १ × ३१. कर्णाबाहेरील दोन्ही ७३ हाच आपला ताळा.

ठिकाणें तीन असतील तर तीन स्वतंत्र प्रयोगांत नऊ आंकडे मिळतात, अव्यक्त राशी सहा, आणि ताळे तीन. कारण तीन प्रयोगांच्या जोड्या तीनच. दहा ठिकाणीं शंभर आंकडे, पंचावन्न अव्यक्त राशी, पंचेचाळीस ताळे. अव्यक्त राशि जेवढ्या कमी होतात तेवढेच ताळे वाढतात. सममितीनें दिलेली सवलत फुकट नसते. तिची किंमत आंकड्यांस सत्यतेनें चुकवावी लागते.

या विषयाचा अभ्यास पुढें पुष्कळ झाला, व त्यांत आपल्या देशाचाही वांटा आहे. उत्तर सममित असावें एवढेंच नव्हे, तर कोणत्याही वजनाच्या ओळीशीं त्यापासून होणाऱ्या झुकावाचा गुणाकार ऋण येऊं नये, अशी आणखी कडक अट घातल्यास काय होतें, याचें विवेचन गुजरात विद्यापीठांतील सी. जी. खत्री व भारतीय सांख्यिकी संस्थेंतील सुजित कुमार मित्र यांनीं सन १९७६ मध्यें केलें. पट्टीच्या बाबतींत ही अट स्वाभाविकच आहे : वजन टांगिल्यानें पट्टी वर उचलली जाऊन उलट आपणांसच काम करून देईल, असें कधीं होत नाहीं. अ × स = ब या समीकरणाच्या सर्व सममित उत्तरांचें सामान्य रूप डॉन यांनीं सन १९८७ मध्यें एका लेखांत मांडिलें.

६. सरासरीचा मोह

येथें एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, “य एकीकडून ५ व दुसरीकडून ३ येतो ना ? मग सरासरी ४ घ्यावी. कोष्टक सममित झालें, काम संपलें.” पाहूं या. क्ष = २, य = ४, झ = १७ घेतल्यास पहिल्या समीकरणांत १२ ऐवजीं १० येतात, दुसऱ्यांत ३७ ऐवजीं ३८, तिसऱ्यांत ११ ऐवजीं १० व चौथ्यांत २६ ऐवजीं २९. चारही समीकरणें बिघडलीं ! पूर्वीं फक्त एक नोंद चुकीची होती. आतां एकही समीकरण खरें राहिलें नाहीं. सरासरीनें चूक दुरुस्त झाली नाहीं, ती चारी दिशांस पसरली व दिसेनाशी झाली.

सरासरी सर्वत्र निषिद्ध आहे असें मात्र नाहीं. समजा, दोन्ही ठिकाणीं एक एक वजन टांगून आपण दोन्ही झुकावांची बेरीजच तेवढी नोंदली. ती बेरीज क्ष + य + व + झ इतकी येते. तींत य व व यांची बेरीजच तेवढी आहे. म्हणून दोहोंच्या जागीं सरासरी ठेविली तरी समीकरण अबाधित राहतें. जेथें समीकरणच दोन्ही बाजूंनीं सारखें आहे तेथें सरासरी न्याय्य. जेथें नाहीं तेथें ती फसवणूक होय.

प्रत्यक्ष प्रयोगांत डोळ्याच्या व मापाच्या मर्यादेमुळें ताळा तंतोतंत जुळत नाहीं, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. ७३ च्या जागीं साडेबहात्तर आले तर तो दोष मानण्याचें कारण नाहीं. अशा वेळीं सर्व समीकरणांपासून एकंदर कमींत कमी दूर असणारें सममित कोष्टक काढतात. त्या रीतीस लघुतम वर्गांची रीति म्हणतात, व ती फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यानें सन १८०५ मध्यें प्रसिद्ध केली. परंतु ७३ व ६३ यांतील अंतर डोळ्याच्या चुकीचें नव्हे. तेथें गणित थांबवून टेबलापाशीं परत गेलें पाहिजे : नोंद चुकली काय ? वजन बदललें काय ? क्लॅम्प सैल झाला काय ? पट्टीच्या जागीं पूल असेल, तर सैल झालेला आधार वेळीं कळणें व न कळणें यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

प्रयोगशाळेंत उत्तर जुळत नाहीं असें पाहून वहींतील एखादा आंकडा हळूच बदलण्याचा मोह पुष्कळांस होतो. शेजाऱ्याच्या वहींतील आंकडा उतरून घेणें हाही त्याचाच प्रकार. एका आंकड्यानें काय बिघडतें, असें त्या वेळीं वाटतें. परंतु वरील सिद्धांत पाहिला म्हणजे कळतें कीं, बदललेला आंकडा एकटा नसतो. त्याला दुसऱ्या प्रत्येक प्रयोगाशीं ताळा द्यावा लागतो. दहा प्रयोगांत एकानें खोटी साक्ष दिली कीं उरलेले नऊ त्याच्या विरुद्ध उभे राहतात. न जुळणारा ताळा लाजिरवाणा नव्हे. तो उपयोगी आहे, कारण चूक कोठें शोधावी हें तोच सांगतो. जुळवून आणलेला ताळा मात्र हा मार्गच बंद करतो.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा अथवा मुलगी अभ्यास संपवून उठली म्हणजे “उत्तर आलें कां ?” असें आपण विचारतोंच. त्याबरोबर “ताळा पाहिलास कां ?” असेंही विचारावें, आणि ताळा जुळला नाहीं असें मुलानें प्रामाणिकपणें सांगितलें तर त्यास रागें भरूं नये. तें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसलें तरी खरें उत्तर आहे.

अभ्यासासाठीं उदाहरणें

(१) एका पट्टीवर १, १ वजनांनीं ४, ५ झुकाव आला व २, १ वजनांनीं ७, ६ आला. ताळा पाहून सममित कोष्टक काढा.

(२) १, १ वजनांनीं ४, ५ झुकाव व २, २ वजनांनीं ८, क झुकाव आला. क ची किंमत काय असतां सममित उत्तर मिळेल ? अशीं उत्तरें किती ?

(३) चार ठिकाणीं वजनें टांगून चार स्वतंत्र प्रयोग केले. एकंदर आंकडे, अव्यक्त राशी व ताळे किती ?

उत्तरें : (१) दोन्ही बेरजा १३, पहिली ओळ ३, १ व दुसरी ओळ १, ४. (२) क = १० ; असंख्य. (३) १६, १० व ६.